ऊब कुठे असते? शार्दाँच्या पेल्याची आणि कॉफीपॉटची तपासणी

गेल्या वर्षी मी एक चित्र रंगवलं आणि ते फसलं. ओळखीच्या एका गृहस्थांना विश्रांतीच्या खोलीत लावायला स्थिरचित्र हवं होतं. अट एकच, "बघून जरा निवांत वाटलं पाहिजे." मी किटली मांडली, शेजारी संत्री, खाली केशरी कापड, बाजूला पिवळा दिवा. पेटीत जेवढे म्हणून उबदार रंग होते तेवढे बाहेर काढले. हात म्हणाल तर बरा चालला होता. किटलीचा गोलवा आला होता, कापडाच्या चुण्या जमल्या होत्या. त्यांनी ते आठवडाभर भिंतीवर ठेवलं आणि परत आणून दिलं. म्हणाले, "वाईट नाही हो, पण त्याच्याकडे बघत बसवत नाही. दिवा डोळ्यांवर आल्यासारखं होतं."

ताईचा शेरा त्याहून नेमका होता. "हे गरम झालंय रे. उबदार नाही झालेलं."

सांगायला हा फरक सोपा आहे, ब्रशने दाखवायला अवघड. मुळात 'उबदार रंग' हा शब्दच थोडा फसवा. उजेडाचा रंग केल्विन या तापमानाच्या एककात मोजतात: मेणबत्तीचा उजेड साधारण १९०० केल्विनचा, जुन्या तारेच्या बल्बचा २७०० च्या आसपास, आणि उत्तरेकडच्या खिडकीतून येणारा निळसर उजेड ६५०० च्याही वर जातो. म्हणजे भौतिकशास्त्राच्या हिशेबाने निळा जास्त तापलेला आणि केशरी त्यामानाने थंड. आपण केशरीला उबदार म्हणतो ते विस्तवाच्या आठवणीने. पण विस्तवाजवळ माणूस शेकत असतो तसा सावधही असतो. माझ्या चित्रात चारी बाजूंना विस्तव होता आणि बसायला जागाच नव्हती.

मग मी उलट्या बाजूने जायचं ठरवलं. जे निवांत वाटतं याबद्दल मला तिळमात्र शंका नाही असं एक चित्र घ्यायचं, त्याची नक्कल करायची, आणि मग त्या नकलेच्या छोट्या आवृत्त्या करून एकेक गोष्ट मुद्दाम बिघडवायची. जे बिघडवल्यावर ऊब जाईल, तिथे ती होती असं धरायचं. घड्याळ उघडून बघणाऱ्या पोराची पद्धत आहे ही, पण चालते.

चित्र

निवडलं ते फ्रेंच चित्रकार झाँ-सिमेआँ शार्दाँचं 'पाण्याचा पेला आणि कॉफीपॉट'. साधारण १७६१ चं, आता पिट्सबर्गच्या कार्नेगी म्युझियम ऑफ आर्टमध्ये आहे. आकार जेमतेम ३२ बाय ४१ सेंटीमीटर, म्हणजे उघडलेल्या मोठ्या वहीएवढा. डावीकडे काचेचा पेला, अर्ध्याहून जास्त भरलेला. उजवीकडे गडद तपकिरी कॉफीपॉट. पुढे लसणाचे तीन गड्डे आणि बडीशेपेची एक हिरवी डहाळी, कट्ट्याच्या कडेवरून किंचित पुढे झुकलेली. झालं. कापड नाही, फळ नाही, दिवा नाही. केशरी तर औषधालाही नाही.

शार्दाँ १६९९ मध्ये पॅरिसमध्ये जन्मला. बाप सुतार, फर्निचर करणारा. १७२८ मध्ये तो राजाश्रयाच्या चित्रकला अकादमीत दाखल झाला तो प्राणी आणि फळं काढणारा म्हणून, आणि तेव्हा हे काही मानाचं पद नव्हतं. चित्रांची उतरंड फेलिबियाँ या कलाविषयक लेखकाने १६६७ मध्येच मांडून ठेवली होती. सगळ्यात वर इतिहास-पुराणातले प्रसंग, मग माणसांची चित्रं, मग प्राणी आणि निसर्गदृश्यं, आणि पार तळाशी फळं, फुलं, भांडी. तळाशी असण्याचा एक फायदा मात्र असतो. तुमच्याकडून कुणी गोष्टीची अपेक्षा करत नाही. कॉफीपॉटने कुठलंही युद्ध जिंकायचं नसतं.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. १७५५ पासून शार्दाँ अकादमीचा खजिनदार होता आणि 'सलोन' या अकादमीच्या प्रदर्शनात चित्रं टांगण्याचं कामही अनेक वर्षं त्याच्याकडे होतं. सलोनच्या भिंती छताला भिडेपर्यंत चित्रांनी भरलेल्या असत. देव, सेनापती, बेशुद्ध पडणाऱ्या नायिका, सगळे एकमेकांच्या डोक्यावर. त्या गर्दीत कुठलं चित्र ओरडतं आणि कुठलं गप्प बसून लक्ष वेधतं हे शिडीवर चढलेल्या या माणसाने जेवढं पाहिलं असेल तेवढं क्वचितच कुणी पाहिलं असेल.

आणि हा माणूस उपजत शांत चित्रं काढणारा नव्हता. ज्या चित्रांच्या जोरावर त्याला अकादमीत प्रवेश मिळाला त्यातलं एक, 'ला रे', लूव्रमध्ये आहे. पोट फाडून टांगलेला मोठा चपटा मासा, त्याचा माणसासारखा भासणारा चेहरा, आतड्यांची लाल-गुलाबी चमक, आणि डावीकडे शिंपल्यांवर पाय देऊन अंग फुगवलेलं मांजर. लाल रंग भरपूर आहे त्यात. ऊब अजिबात नाही. त्याच हाताने पुढे तीसेक वर्षांनी पेला आणि लसूण रंगवला. पेटीतले रंग फारसे बदलले नव्हते, म्हणजे बदललेली गोष्ट दुसरीच काहीतरी असणार.

नक्कल

काम छापील प्रतीवरून केलं. छापील प्रतीवरून केलेली नक्कल म्हणजे फोनवर ऐकलेलं गाणं, हे मान्य. पण मला मूळ चित्राची बरोबरी करायची नव्हती. मला फक्त त्याची घडण हाताने चाचपायची होती.

कॅनव्हास मूळ मापाचा घेतला. रॉ अंबर हा मातकट तपकिरी आणि पांढरा मिसळून राखाडी-तपकिरी अस्तर दिलं, ते वाळू दिलं. मग कोळशाने रेखाटन. इथेच पहिली ठेच लागली. पेला आणि कॉफीपॉट यांच्यामधली फट मला अडचणीची वाटत होती. काहीतरी चिमटल्यासारखं. दोन वेळा पुसलं. तिसऱ्यांदा रेखाटन आरशात उलटं करून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. पेला वर जाताना रुंदावतो, कॉफीपॉट वर जाताना निमुळता होतो. त्यामुळे पेल्याची उजवी कड आणि कॉफीपॉटची डावी कड, दोन्ही एकाच बाजूला कलतात. मधली फट पट्ट्यासारखी एकसारखी वर जाते. मी कॉफीपॉट जरा जास्तच उभा काढला होता, म्हणून फटीची पाचर झाली होती. पाचर म्हटली की ताण आला. कुठेतरी काहीतरी घुसतंय, फाटतंय. कड एवढीशी कलती केल्यावर दोन्ही भांडी एकमेकांना जागा देऊन उभी राहिली. गर्दीच्या डब्यात अनोळखी माणूस आपण न सांगता थोडं सरकून घेतो ना, तसं.

ही गोष्ट कुठल्याही पुस्तकाशिवाय हाताला कळली, आणि या सगळ्या उद्योगातली माझ्या मते हीच सगळ्यात मोठी कमाई.

आता लसूण. लसणाने माझे तीन दिवस खाल्ले. पहिल्या दिवशी टिटॅनियम व्हाइट घेतला आणि गड्ड्यावर उजेडाचा फटकारा दिला. लसूण टूथपेस्टसारखा दिसायला लागला. गड्डा चित्रातून उडी मारून पुढे आला आणि बाकी सगळं मागे अंधारात गेलं. दोष नुसता माझा नव्हता, रंगाचाही होता. टिटॅनियम व्हाइट विसाव्या शतकातला, पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कारखान्यातून यायला लागला. त्याचा अपवर्तनांक, म्हणजे उजेड किती वाकवतो तो आकडा, २.७ च्या आसपास, आणि जवसाच्या तेलाचा साधारण १.४८. या दोन आकड्यांत जेवढं अंतर जास्त, तेवढा रंग अपारदर्शक. उजेड पृष्ठभागावरच आपटतो आणि परत येतो. शार्दाँकडे होता तो शिसं असलेला पांढरा. त्याचा अपवर्तनांक २ च्या आसपास. उजेड थोडा आत शिरतो, रेंगाळतो, खालच्या तपकिरी अस्तराला स्पर्श करून बाहेर येतो. जिवंत कातडीवर उजेड जसा दिसतो, तशी काहीशी त्याची जात आहे.

शिशाचा पांढरा विषारी, तो वापरायची माझी तयारी नव्हती. दुसऱ्या दिवशी झिंक व्हाइट जास्त आणि टिटॅनियम कमी असं मिश्रण केलं, त्यात यलो ऑकर या मातकट पिवळ्याचा ठिपका आणि ब्रशच्या टोकावर मावेल एवढा काळा. पॅलेटवर तो रंग न धुतलेल्या जुन्या सुती कापडासारखा मळकट दिसत होता. कॅनव्हासवर ठेवला आणि तो पांढरा झाला! तिसरा दिवस त्या मळकट पांढऱ्यातच दोन-तीन छटा काढण्यात गेला. पापुद्र्याच्या शिरा मी काढल्या नाहीत. ओल्या रंगात कोरडा ब्रश एकदाच वरून खाली ओढला. शिरा आपोआप आल्यासारख्या झाल्या.

यातून एक कळलं. या चित्रात खरा पांढरा जवळजवळ नाहीच. सगळे उजेड मधल्या पट्ट्यात आहेत, फार वर नाहीत, फार खाली नाहीत. पेल्याच्या काठावर आणि कॉफीपॉटच्या अंगावर एखाद-दुसरी टिकली सोडली तर डोळा दिपेल असं काही नाही. माझ्या किटलीवर मी नऊ चमका दिल्या होत्या. मोजल्या नंतर.

कडा

फ्रेंच लेखक दिदरोने १७६३ च्या सलोनविषयी लिहिताना शार्दाँबद्दल म्हटलं होतं की जवळ जावं तर सगळं विस्कटतं, सपाट होतं, नाहीसं होतं, आणि मागे सरकावं तर पुन्हा आकाराला येतं. चित्रकाराच्या कौतुकात हे वाक्य नेहमी येतं, पण विश्रांतीशी त्याचा संबंध मला नक्कल करताना लागला.

आपला डोळा एका वेळी फारच थोडं स्पष्ट पाहतो. हात लांब करून अंगठ्याचं नख डोळ्यांसमोर धरा. जेवढं झाकलं जाईल साधारण तेवढीच जागा, दोनेक अंश, खरी धारदार दिसते. बाकी सगळं धूसर. आपल्याला सगळंच स्पष्ट वाटतं कारण डोळा सेकंदाला दोन-तीन वेळा उड्या मारत असतो. शोधत असताना तो उड्या मारतो. जेव्हा माणूस दमून खुर्चीत बसतो आणि समोरच्या कपाकडे नुसता बघत राहतो, तेव्हा नजर एका जागी टेकते आणि भोवतालच्या कडा विरतात.

म्हणजे सगळ्या कडा धारदार असलेलं चित्र शोधणाऱ्या डोळ्याचं असतं आणि विरलेल्या कडांचं चित्र टेकलेल्या डोळ्याचं. शार्दाँ वस्तू दाखवतो तशी ती बघण्याची एक लयही देतो. कॉफीपॉटची सावलीकडची बाजू कुठे संपते आणि मागची भिंत कुठे सुरू होते, हे नकलेत ठरवताना मी वैतागलो होतो. ते ठरवायचंच नव्हतं.

बिघडवलेल्या आवृत्त्या

मूळ नक्कल वाळल्यावर चार छोटे अभ्यास केले, पोस्टकार्डाच्या दुप्पट आकाराचे. सगळे एकाच दिवशी भिंतीला टेकवून ताईला बोलावलं. ती चित्र काढत नाही, आणि म्हणूनच तिला बोलावलं. चित्रकाराला विचारलं असतं तर त्याने कारणं सांगितली असती.

पहिल्यात कडा धारदार केल्या, बाकी सगळं तसंच. ताई म्हणाली, "ही भांडी विकायला ठेवलीत." पुढे काही बोलायची गरजच पडली नाही.

दुसऱ्यात मागची भिंत निळसर राखाडी केली. माझा अंदाज होता की इथे ऊब साफ जाईल. गेली नाही. थोडी थंडी पडल्यासारखं झालं, पण बसवत होतं. इतकी वर्षं पार्श्वभूमीच्या रंगावर मी जेवढा वेळ घालवलाय त्याचं मला त्या दिवशी वाईट वाटलं. पण एक होतं, भिंत निळसर केली तरी मी ती डागाडागाची, श्वास घेणारी ठेवली होती. सपाट पोत दिला असता तर निकाल वेगळा लागला असता असं मला वाटतं.

तिसरा अभ्यास माझ्या फसलेल्या चित्राच्या सगळ्यात जवळचा. पेल्यातलं पाणी काढून त्यात चहाच्या रंगाचं काहीतरी भरलं. हिरवी डहाळी वाळलेली, पिवळी केली. लसणाला सोनेरी झाक दिली. म्हणजे चित्रात थंड असं काही ठेवलंच नाही. अपेक्षा अशी की हे सगळ्यात उबदार होईल. झालं भलतंच. चित्र कोंदट झालं. खिडक्या बंद असलेल्या खोलीत दुपारी झोपून उठल्यावर डोकं जड असतं तसं. ताईने नाक मुरडलं. "याला आजारी माणसाच्या खोलीचा वास आहे."

कारण शोधायला लांब जावं लागत नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल पॅरिसमधल्या गोबलँ या चित्रपडदे विणणाऱ्या कारखान्यात रंगाईचं काम बघत होता. तिथल्या काळ्या धाग्यांबद्दल तक्रारी आल्या की काळा फिका दिसतो. त्याने तपासलं तर रंगात खोट नव्हती, शेजारच्या रंगांमुळे काळा तसा दिसत होता. त्यावरून त्याने १८३९ मध्ये रंगांच्या परस्परविरोधाचा नियम पुस्तकरूपाने मांडला. शेजारी ठेवलेले रंग एकमेकांतला फरक वाढवून दाखवतात. साधा राखाडी तपकिरीशेजारी ठेवला की निळसर भासतो, आणि तोच राखाडी उलट तपकिरीला अधिक ऊबदार करतो. शार्दाँच्या पेल्यातलं पाणी हे काम करतं. ते चित्रातलं सगळ्यात थंड ठिकाण आहे, आणि त्याच्या जिवावर कॉफीपॉटचा मातकट तपकिरी उबेला येतो. पाणी काढलं आणि तपकिरीला कुणाशी बोलायलाच उरलं नाही.

पाण्याचं आणखी एक आहे, आणि ते रंगवताना हसू येतं. उजेड डावीकडून येतोय म्हणून आपण सवयीने पेल्याची डावी बाजू उजळ आणि उजवी काळी करायला जातो. भरलेला पेला उलट वागतो. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, गोल पेला भिंगासारखा काम करतो, आणि डावीकडून शिरलेला उजेड पलीकडच्या, उजव्या भिंतीच्या आतल्या बाजूला गोळा होतो. त्यामुळे उजेड ज्या बाजूने येतो त्या बाजूला पाणी गडद आणि दुसरीकडे आतून उजळलेलं. कॉफीपॉटवर मात्र उजेड नेहमीसारखा पडतो, डावीकडे उजळ, उजवीकडे काळोख. आता दोन्ही शेजारी ठेवा. पेल्याची उजळ बाजू आणि कॉफीपॉटची उजळ बाजू समोरासमोर येतात, मधल्या त्या कलत्या फटीकडे तोंड करून. दोन माणसं एका शेगडीशी बसल्यासारखी. शेगडी कुठेच काढलेली नाही.

चौथ्या अभ्यासात डहाळी उडवली आणि लसणाचे गड्डे सारख्या अंतरावर ओळीत मांडले. रंग, कडा, पाणी, काही बदललं नाही. यातून निवांतपणा जावा अशी माझी अपेक्षा नव्हती. ओळ म्हणजे शिस्त, शिस्त म्हणजे शांतता, असा सरळ हिशेब. ताई बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "इथं कुणी राहत नाही."

मी मूळ नक्कल तिच्यासमोर धरली. "आणि इथं?"

"इथलं माणूस आत्ता उठून गेलंय. येईल परत."

थांबलेलं काम

त्या एका वाक्यावर मी बरेच दिवस घुटमळलो. निवांतपणा म्हणजे काही न घडणं असं मी धरून चाललो होतो. शार्दाँच्या चित्रात मात्र काम चालू होतं आणि थांबलंय. डहाळी कुणीतरी हातातून ठेवली आहे. मांडणारा माणूस डहाळी कडेबाहेर जाऊ देत नाही, सरळ करतो. लसूण अजून सोललेला नाही. पाणी कुणी पिऊन संपवलेलं नाही. पुढचं काम आहे, पण त्याची घाई नाही. रिकाम्या खोलीत विश्रांती नसते. ती दोन कामांच्या मधे असते, हे अंगमेहनत करणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. मलाच ते चित्रातून शिकावं लागलं.

आणखी एक गंमत. कॉफी आणि लसूण यांचा एकमेकांशी संबंध काय? काही नाही. त्यांचा मिळून एकही पदार्थ होत नाही. त्यामुळे बघणाऱ्याचं डोकं गोष्ट जुळवायला धावत नाही. फळांच्या परडीशेजारी सुरी ठेवली की आपण लगेच कापायला लागतो, मनात. इथे प्रत्येक वस्तू आपापल्या जागी आहे आणि कशाचीही वाट बघत नाही. शार्दाँने हे मुद्दाम केलं की त्याला फक्त खडबडीत, गुळगुळीत आणि पारदर्शक असे तीन पोत हवे होते? चित्राच्या परिणामाला त्याने फरक पडत नाही.

शांतता आणि ऊब या जुळ्या बहिणी नाहीत हे पाहायचं असेल तर स्पॅनिश चित्रकार सांचेस कोतानचं साधारण १६०२ चं चित्र बघावं, सॅन डिएगोच्या कलासंग्रहालयातलं. खिडकीच्या चौकटीत दोरीला टांगलेलं बेलफळासारखं दिसणारं क्विन्स, खाली टांगलेला कोबी, मग कट्ट्यावर कापलेलं खरबूज आणि काकडी. सगळं मिळून एक वक्र रेषा उतरत येते. मागे गच्च काळा. रंग म्हणाल तर पिवळा, हिरवा, पिकलेला गर. शांतता एवढी की श्वास ऐकू यावा. पण तिथे बसावंसं वाटत नाही, उभं राहावंसं वाटतं. प्रत्येक कड सुरीने कापल्यासारखी, उजेड एका बाजूने कडक, आणि त्या काळ्याला खोली नाही. कोतान पुढे लवकरच मठात गेला, कार्थुशियन या ख्रिस्ती साधूंच्या पंथाच्या. चित्र बघून नवल वाटत नाही. हे ध्यान आहे. विश्रांती वेगळी.

उलट बाजूला डच चित्रकार पीटर क्लासची स्थिरचित्रं. कवटी, विझत आलेला दिवा, उलटा पडलेला पेला, सगळं मऊ तपकिरी उजेडात. ऊब भरपूर. पण कवटी सारखी घड्याळाकडे बोट दाखवत असते. वेळ संपतेय हे सांगणाऱ्या चित्राशेजारी डुलकी कशी लागणार?

शब्दांतही हा गोंधळ आहे. फ्रेंचमध्ये या प्रकाराला 'मृत निसर्ग' म्हणतात, डचमध्ये 'निश्चल जीवन'. मराठीत आपण स्थिरचित्र म्हणून दोन्ही वाद टाळले. डच शब्द मला जास्त बरा वाटतो. पेल्यातलं पाणी हललेलं नाही, पण ते मेलेलंही नाही.

परत किटलीकडे

फसलेलं चित्र फेकलं नव्हतं. तैलरंग वर्षभरात चांगला वाळला होता, त्यामुळे केशरी कापड पॅलेट नाइफने निघेना. पूर्ण भागावर राखाडी-तपकिरी थर चढवला आणि पुन्हा मांडणी केली. दिवा गेला. तो चित्राबाहेर, डावीकडच्या खिडकीत गेला असं समजा. संत्र्यांपैकी एकच ठेवलं, तेही अर्धं सोललेलं, साल लोंबती. किटलीशेजारी पाण्याचा पेला आणला, आणि त्याची आतली उजेडाची बाजू किटलीकडे वळेल असं बघितलं. नऊ चमकांपैकी दोन उरल्या. एक तोटीच्या वळणावर, एक झाकणाच्या बोंडावर, आणि दुसरी जवळजवळ नाहीच.

सालीवर जास्त वेळ गेला. पहिल्यांदा ती फार सुबक काढली, गोल गोल, फिरकीसारखी. ताईने नुसतं "हं" केलं. मग खरंच एक संत्रं घेतलं, सोलता सोलता मध्येच दार वाजलं म्हणून ठेवून उठलो, आणि परत येऊन ते जसं पडलं होतं तसंच काढलं. दार वाजलं नव्हतं. मी स्वतःच उठून दारापर्यंत जाऊन आलो होतो. चित्रकारांनी करायच्या मूर्खपणांत हा फार वाईट नाही.

चित्र नेऊन दिलं तेव्हा त्या गृहस्थांनी कौतुक वगैरे काही केलं नाही. खिळा तसाच होता, तिथे अडकवलं आणि बोलणं दुसऱ्याच विषयावर गेलं. महिने झाले, चित्र परत आलेलं नाही.

मला मात्र त्यात एक गोष्ट अजून खुपते. किटलीच्या बुडाखालची सावली मी एकाच रंगाने भरली आहे, सरसकट गडद. भांडं जिथे कट्ट्याला टेकतं तिथे सावली जवळजवळ काळी आणि बारीक असते, आणि बोटभर पुढे आली की ती सैल होते, भांड्याचाच रंग थोडा उसना घेते. तेवढं राहिलं. पुढच्या वेळी त्यांच्याकडे जाताना खिशात छोटा ब्रश आणि बर्न्ट अंबरची ट्यूब ठेवणार आहे.